बाजारच्या दिवशी संशोधन

सोलापूर जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी मंगळवारी आठवडे बाजार भरतो. एस.टी. स्थानकाच्या फाटकासमोर एक जुना लिंब आहे. त्याखाली जडीबुटी विकणारा एक गृहस्थ गेली कित्येक वर्षे सतरंजी अंथरून बसतो. तो प्रथम काही बोलत नाही. एक वाळलेले मूळ उचलतो, उन्हात धरतो, पुन्हा खाली ठेवतो. तेवढ्यानेच दहा माणसे थांबतात. मग तो बोलू लागतो आणि पाच मिनिटांत त्याच्याभोवती तीस-चाळीस जणांचे कडे उभे राहते. त्याच मंगळवारी, तेथून दोन फर्लांगांवरील सभागृहात आमच्या शाखेचे चर्चासत्र असते. विषय बहुधा एखाद्या नव्या शोधनिबंधाचा परामर्श. उपस्थिती अकरा ते बारा. त्यांत दोन पदाधिकारी आणि एक पुढच्या गाडीची वाट पाहणारे.

आयुर्वेदात संशोधन होत नाही, हा आक्षेप आपण सर्वांनी ऐकला आहे व त्यावर आपण रागावतोही. परंतु जे संशोधन होते ते ज्यांच्या शरीरावर त्याचा परिणाम व्हायचा, त्यांच्यापर्यंत पोहोचविण्यासाठी आपण काय करतो? इंग्रजी नियतकालिकात निबंध छापून येतो, त्याचा सारांश आपल्या त्रैमासिकात येतो आणि तेथेच त्याची यात्रा संपते. लिंबाखालच्या गृहस्थाची यात्रा मात्र दर मंगळवारी नव्याने सुरू होते. या विचाराने अस्वस्थ होऊन आम्ही चार वैद्यांनी २०२३ च्या हिवाळ्यात बाजारात बसून पाहावे असे ठरविले. त्या सहा महिन्यांचा वृत्तान्त येथे देत आहोत. तो यशाचाच आहे असे नाही.

बाजारात बसण्यापूर्वी आम्ही इतरांनी काय केले ते धुंडाळले. महाराष्ट्राला ही गोष्ट अगदीच परकी नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मांडवांत व्याख्याने होत आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९ मध्ये जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये ‘चाय अँड व्हाय’ हा रविवार सकाळचा उपक्रम आरंभिला व चहाच्या पेल्याबरोबर विज्ञान आणून ठेवले. लंडनमध्ये इंपीरियल कॉलेजातील दोन संशोधकांनी २०१२ मध्ये कंपवात, स्मृतिभ्रंश यांसारख्या व्याधींच्या रुग्णांना आपल्या प्रयोगशाळा पाहावयास बोलाविले. मग त्यांच्या मनात आले की रुग्ण प्रयोगशाळेत येऊ शकतात, तर संशोधकांनी लोकांच्या बैठकीच्या जागी का जाऊ नये? त्यातून २०१३ पासून ‘पिंट ऑफ सायन्स’ हा मद्यगृहांत भरणारा विज्ञानमहोत्सव निघाला. मद्यगृहाचे अनुकरण आम्ही सुचवीत नाही. क्रम मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. रुग्णापासून आरंभ झाला.

तरीही व्याख्यानमाला असो वा चहाची बैठक, तेथे श्रोता मनाशी ठरवून येतो. वाटेने आपल्या कामाला निघालेल्या माणसाला थांबविणे ही निराळी विद्या. लंडनच्या टेम्स नदीकाठी २०११ पासून ‘सोपबॉक्स सायन्स’ या उपक्रमात महिला शास्त्रज्ञ लाकडी खोक्यावर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतात. पडदा नाही, चित्रफीत नाही, हातात एखादी वस्तू असली तर तेवढीच. आम्हांस सर्वांत भावले ते जॉन डॉब्सन. १९१५ मध्ये पेकिंग येथे जन्मलेला हा रसायनशास्त्राचा पदवीधर १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात, म्हणजे रामकृष्ण परंपरेत, संन्यस्त जीवनासाठी दाखल झाला. तेथे त्याला दुर्बिणी घडविण्याचे वेड लागले. जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसा, पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची बैठक, असा त्याचा गरिबीतला खटाटोप. दुर्बिणींपायी मठातील कर्तव्यांत कसूर होऊ लागली असे ठरून १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्या वर्षी त्याने मित्रांसह पदपथावर दुर्बिणी मांडणारे मंडळ स्थापन केले. चौकात उभा राहून तो वाटसरूंना चंद्र वा शनी पाहण्यास बोलावी आणि पाहून झाल्यावर त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देई. २०१४ मध्ये त्याचे निधन झाले. मठ सुटला तरी साधना सुटली नाही असे आम्हांस वाटते; अर्थात हा आमचा भाविकपणा.

डॉब्सनपाशी चंद्र होता. आमच्यापाशी काय? पहिल्या मंगळवारी आमच्यापाशी होता एक फलक. त्यावर ‘आयुर्वेदीय संशोधन : जनसंवाद’ अशी अक्षरे. नगरपरिषदेची परवानगी रीतसर घेतली होती, टेबलावर पांढरे कापड होते, चौघांच्या अंगात पांढरे अंगरखे होते. तीन तासांत सतरा माणसे थांबली. त्यांपैकी नऊ जणांनी ‘रक्तदाब फुकट तपासता का?’ असे विचारले, पाच जणांनी ‘औषध केवढ्याला?’ असे, एकाने आगाराची मुतारी कोठे आहे ते विचारले. एका भाजीवाल्या मावशींनी टेबल बाजूला घेण्यास सांगितले, कारण त्यांच्या मेथीवर सावली पडण्याऐवजी ती आमच्या कागदांवर पडत होती. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

दुसऱ्या मंगळवारी आम्ही अंगरखे, टेबल व फलक घरी ठेवले आणि खाली सतरंजी टाकली. सतरंजीवर दोन वेल मांडले. एक आपली नित्याची गुळवेल. दुसरा लवदार पानांचा, टिनोस्पोरा सायनेन्सिस या नावाने ओळखला जाणारा तिचा भाऊबंद, जो बाजारात तिच्याबरोबर मिसळला जातो. शेजारी तिसऱ्याचे, टिनोस्पोरा क्रिस्पाचे, मोठे छायाचित्र. ‘यांतली गुळवेल कोणती?’ एवढाच प्रश्न खडूने पाटीवर लिहिला. अर्ध्या तासात गर्दी झाली. ओळखण्याचे आव्हान दिले की माणूस थांबतो; शिकविण्याचे आमंत्रण दिले की पुढे जातो.

त्या गर्दीत खांद्यावर घोंगडी टाकलेले एक धनगर बाबा होते. त्यांनी लवदार वेल हातात घेतला, पान उलटे केले, अंगठ्याने चोळले आणि म्हणाले, ‘ह्यो लवाचा हाय. शेरडं ह्याला तोंड लावत्यात, पर आमी घरात आनत न्हाई.’ चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी व वनवासी औषधींना नावारूपाने ओळखतात असे म्हटले आहे. आणि लगेच असेही की नाव-रूप जाणणे म्हणजे योग जाणणे नव्हे. हे वचन आपण विद्यार्थिदशेत पाठ केले. त्याचा पहिला अर्धा भाग सतरंजीवर आमच्यासमोर उभा होता. दुसऱ्या भागाची जबाबदारी आमची होती आणि तेथेच आम्ही घसरलो.

एक निवृत्त लिपिक, हातात छत्री, बराच वेळ ऐकत होते. त्यांनी विचारले, ‘गुळवेलीनं यकृत खराब होतं असं करोनाच्या काळात पेपरात आलं होतं. ते खरं का?’ आमच्यापैकी एकाने तत्काळ उत्तर दिले, ‘काका, तिचे नावच अमृता आहे.’ उत्तर देणारा कोण ते येथे महत्त्वाचे नाही. चौघांनीही माना डोलाविल्या होत्या. काकांनी वाद घातला नाही. ‘म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही,’ असे म्हणून ते निघून गेले.

वाचकहो, आम्हांस ठाऊक होते. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२० च्या अखेरीस पाहिलेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा, आणि तिचे स्वरूप शरीराने स्वतःच्याच यकृतावर उलटावे अशा व्याधीसारखे. आयुष मंत्रालयाने तिचा प्रतिवाद केला व गुडूची सुरक्षित असल्याचे सांगितले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने क्रिस्पा या सदृश वेलापासून सावध राहण्याची सूचना दिली. क्रिस्पाचे खोड करडे, गाठाळ व दुधी चीक असलेले, तर गुळवेलीचे हिरवट, बिनगाठींचे व बिनचिकाचे, असा भेदही दिला. त्याच वर्षी देशातील तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील तपासण्यांत खरी गुळवेलच आढळली असे त्या लेखकांचे प्रतिपादन आहे. म्हणजे ‘ती गुळवेल नव्हतीच’ असे म्हणून सर्व प्रकरण मिटविता येत नाही. दुसऱ्या बाजूस, किती लाख लोकांनी त्या काळात काढा घेतला आणि त्यांपैकी कितींना इजा झाली हे प्रमाण अशा रुग्णनोंदींतून निघत नाही, हेही तितकेच खरे. एवढे सगळे आमच्या पिशवीत छापील स्वरूपात होते. बाजारात, माणसांसमोर, ते पिशवीतून बाहेर काढण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

त्या रात्री शाखेच्या बैठकीत विषय निघाला. पुढच्या मंगळवारी हे सारे उघडपणे सांगावे असे आमच्यापैकी दोघांचे मत. एका ज्येष्ठ सदस्यांचा तीव्र विरोध. त्यांचे म्हणणे नुसत्या अभिमानापोटी नव्हते. बाजारात माणूस अर्धे वाक्य ऐकतो, असे ते म्हणाले. ‘क्वचित्’ आणि ‘काही रुग्णांत’ हे शब्द भाजीच्या पिशवीतून गळून पडतील व ‘वैद्यच गुळवेलीला विष म्हणतात’ एवढेच घरी पोहोचेल. आम्ही तरीही सांगितले. आणि दहा दिवसांनी गावच्या पिठाच्या गिरणीत, ज्येष्ठांनी वर्तविल्याप्रमाणे, वैद्यांनी गुळवेलीवर बंदी घातल्याची बातमी आमच्याच कानी आली. ते बरोबर ठरले. त्यांच्या म्हणण्याचा आम्ही जो उपयोग केला तो एवढाच की, त्यापुढे सतरंजीवरून उठणाऱ्या प्रत्येकास आम्ही विचारू लागलो, ‘घरी जाऊन काय सांगाल?’ उत्तर चुकीचे आले तर दोष आमच्या सांगण्याचा मानून पुन्हा सांगावयाचे. शिवाय हाती एक चिठ्ठी द्यावयाची, तीन ओळींची : यकृताचा वा शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार असेल तर गुळवेल वैद्याला विचारल्याविना घेऊ नये, महिनोन्महिने रोज काढा पिऊ नये, लघवी गडद पिवळी झाली, भूक मेली, डोळे पिवळे दिसले तर सर्व बंद करून रक्त तपासावे.

आता एक सुखद भाग. गुडघेदुखीवरील एक अभ्यास आम्ही दुसरा विषय म्हणून निवडला होता. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांचा तो अभ्यास २०१३ मध्ये संधिवातशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ४४० रुग्ण, चोवीस आठवडे. सुंठ, गुळवेल, आवळा आदींचे योग एकीकडे, ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब दुसरीकडे. वेदना व हालचाल यांत योग त्या औषधांच्या बरोबरीचे ठरले. मात्र आयुर्वेदीय योग घेणाऱ्या काही रुग्णांत रक्तातील एसजीपीटी अनपेक्षित वाढले आणि लेखकांनी तेही नोंदविले. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यादृच्छिक विभागणी व दुहेरी अंधत्व या कल्पना समजाविताना आमची दमछाक होते. बाजारात काय होणार, अशी धास्ती होती.

झाले उलटे. ‘चिठ्ठ्या टाकून रुग्ण का वाटले?’ असे आम्हीच विचारले, तेव्हा एका कांदा-उत्पादकाने सांगितले, ‘न्हाईतर चांगल्या रानात आपलं बी टाकायचं आन् खडकात दुसऱ्याचं.’ कृषी विद्यापीठाचे प्रात्यक्षिक त्याच्या शेजाऱ्याच्या रानात झाले होते. हे उत्तर ऐतिहासिकदृष्ट्याही अचूक आहे. यादृच्छिक विभागणीची पद्धत रोनाल्ड फिशर यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेतांत, खतांचे व वाणांचे प्रयोग करता करता बसविली. रुग्णालयात ती पुढे आली, आणि क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तिला मान मिळाला. वैद्यकाने जी विद्या शेताकडून उसनी घेतली, ती शेतकऱ्याला शिकवावयास आम्ही घाबरत होतो! अंधत्वासाठी सारख्या कागदात बांधलेल्या दोन पुड्या पुरल्या. कोणत्या पुडीत काय ते आमच्यापैकी एकाला ठाऊक नव्हते. त्याचे ठाऊक नसणे पाहून बाया-माणसे हसली आणि ठाऊक नसणे हाच त्यातला मुद्दा आहे हे त्यांनी मान्य केले.

तिसरा विषय क्षारसूत्र. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री चाचणीचा निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला होता : भगंदर भरून येण्यास क्षारसूत्राने आठ आठवडे, शस्त्रक्रियेने चार, पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण मात्र क्षारसूत्राने ४ टक्के, शस्त्रक्रियेने ११ टक्के. दोन्ही पारड्यांत काहीतरी असलेला इतका सुंदर निष्कर्ष. पण भर बाजारात भगंदराविषयी कोणी बोलत नाही. बाजार उठल्यावर, दिवेलागणीला, सतरंजी गुंडाळताना दोघे-तिघे जवळ येऊन हळूच विचारीत. हा विषय गर्दीचा नाही हे आम्हांस आधीच कळावयास हवे होते.

काही व्यवहाराच्या गोष्टी, इतर शाखांच्या उपयोगासाठी. सतरंजीवर काहीही विकू नये, आपल्या चिकित्सालयाचे पत्रक वाटू नये, नाडी पाहू नये. एकदा नाडी पाहिली की संशोधनाचा विषय संपतो व रांग लागते. १९५४ चा जादूटोणायुक्त उपचार व आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीचा कायदा आपणांसही लागू आहे हे ध्यानी ठेवून मधुमेहादी व्याधींविषयी बोलताना दाव्याची भाषा कटाक्षाने टाळावी. ध्वनिवर्धक नको, कडे लहान राहिले तरी चालेल. सकाळी दहा ते बारा ही वेळ विक्रेत्यांची, बारानंतरची वेळ गाडीची वाट पाहणाऱ्यांची. दुसरी आमच्या कामाची. आणि लिंबाखालच्या गृहस्थाशी वैर धरू नये. तिसऱ्या आठवड्यापासून ते स्वतःच गिऱ्हाइकांना आमच्याकडे वेल ओळखण्यास पाठवू लागले. त्यांच्या सतरंजीवरील ‘गुळवेल सत्त्व’ हे पिष्टमय पदार्थाची भेसळ असलेले निघाले तेव्हा मात्र प्रसंग कठीण झाला. आम्ही ते त्यांना एकट्यालाच सांगितले. चारचौघांत सांगावयास हवे होते की काय, यावर आमच्या चौघांत अद्याप एकमत नाही.

शेवटी कांदे विकणाऱ्या ताईंची हकिकत. चिठ्ठी घरी नेल्यानंतरच्या मंगळवारी त्या आल्या. त्यांचे यजमान २०२० पासून रोज पहाटे गुळवेलीचा काढा घेत होते. महिनाभर भूक नव्हती, लघवी पिवळी. आम्ही काढा बंद करण्यास सांगून त्यांना ग्रामीण रुग्णालयात पाठविले. यकृताची विकरे बरीच वाढलेली निघाली. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दारूविषयी विचारले. तीही होती, आणि त्यांनी तीही बंद करविली. सात आठवड्यांनी अहवाल पुष्कळ सुधारला. आमच्यापैकी एकाने उत्साहाने म्हटले, ‘ताई, पाहा, वेळेवर सांगितले म्हणून बरे झाले.’ ताई कांद्याची प्रतवारी करीत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, ‘दोन्ही एकदमच सोडलं की त्यांनी. मग कशानं झालं हुतं, ते कसं कळायचं?’

तो अहवाल आम्ही नाव-गाव वगळून, ताईंच्या व यजमानांच्या संमतीने, आमच्या नोंदवहीत लिहिला आहे. कारणाच्या रकान्यात ‘अनिश्चित’ असे लिहिले आहे. पावसाळ्यात लिंबाखाली बसता येत नाही. आगार व्यवस्थापकांनी फलाटाच्या टोकाची, पाण्याच्या टाकीजवळची जागा देऊ केली आहे. तेथे गाड्यांच्या घोषणांमुळे दर चार मिनिटांनी थांबावे लागेल. सतरंजी तीच असेल.